प्राचीन रोममध्ये घडणारी कालप्रवासकथा कशी बांधावी

आजच्या काळातले पात्र प्राचीन रोमन जगात जाऊन पोहोचते, अशी कथा लिहायला घेणाऱ्यांचे लेखन बहुतेक वेळा एकाच जागी फसते. कथानक आधी ठरते, पात्रे ठरतात, शेवटही ठरतो, आणि मग रिकाम्या जागांमध्ये टोगा, तलवारी आणि झुंजीचे आखाडे भरले जातात. अशा कथेत मागाहून कितीही दुरुस्त्या केल्या तरी ती उभी राहत नाही, कारण माणसाला कुठे जाता येईल, कोणाशी बोलता येईल, किती वेळात बातमी पोहोचेल आणि खिशातल्या नाण्यात काय मिळेल, या गोष्टींवरच कथानकाची वळणे अवलंबून असतात. म्हणून पुढे दिलेला क्रम मोडू नये: आधी दिवस, मग पात्राची ओळख, मग कालप्रवासाचा नियम, मग रोजच्या जगण्याचा हिशेब, आणि त्यानंतरच प्रसंगलेखन.

समजण्यास सोपे जावे म्हणून सर्व टप्प्यांसाठी एकच उदाहरण घेतले आहे. मराठवाड्यातली पुरातत्त्वशास्त्राची एक विद्यार्थिनी इ.स. ७९ मध्ये, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या काही दिवस आधी, पॉम्पेई शहरात पोहोचते.

## लिहायला बसण्यापूर्वीची तयारी

पहिली गरज आहे ती मोजपट्टी असलेल्या नकाशाची. पॉम्पेईचा उत्खननाचा नकाशा सहज मिळतो. तटबंदीच्या आतले शहर सुमारे ६६ हेक्टरांचे असून त्याच्या लांब बाजूने चालत गेल्यास अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी शहरातल्या शहरात तासभर चालणारा घोड्यांचा पाठलाग कथेत येणार नाही.

दुसरी गरज त्या काळातल्या लेखनाची. उद्रेकाविषयी रोमन लेखक धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली दोन पत्रे सावकाश वाचावीत. उद्रेकाच्या वेळी प्लिनी १७ वर्षांचा होता आणि नेपल्सच्या उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, मायसीनम येथे होता. त्याचा मामा थोरला प्लिनी याच उद्रेकात स्टॅबिए येथे मरण पावला. आधुनिक पुस्तके नंतर वाचावीत. मूळ पत्रे आधी वाचल्याने त्या माणसांना काय दिसत होते आणि काय कळत नव्हते, हे मनात पक्के बसते, आणि कालप्रवासकथेला नेमके तेच लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे एक वही. तिच्यात ‘पक्के’, ‘वादग्रस्त’ आणि ‘माझी कल्पना’ असे तीन स्तंभ आखावेत आणि प्रत्येक तपशील त्यांपैकी एकात नोंदवावा. शेवटच्या तपासणीत हीच वही कामाला येते.

## टप्पा १: दिवस आणि जागा पक्की करणे

‘रोमन काळ’ असा कोणताही एक काळ नाही. परंपरेने सांगितलेली रोमची स्थापना इ.स.पू. ७५३ ची, तर पश्चिमेकडील शेवटचा सम्राट पदच्युत झाला तो इ.स. ४७६ मध्ये. एवढ्या पसाऱ्यातून एक वर्ष, एक महिना आणि एक शहर निवडल्याशिवाय पहिले वाक्य लिहू नये. ज्युलियस सीझर आणि कोलोसियम एकाच कथेत आणणे ही नेहमी दिसणारी चूक आहे. सीझरचा खून इ.स.पू. ४४ मध्ये झाला आणि कोलोसियमचे उद्घाटन इ.स. ८० मध्ये झाले, म्हणजे मध्ये सुमारे सव्वाशे वर्षे गेली. आमच्या विद्यार्थिनीच्या काळात टायटस नुकताच, त्याच वर्षीच्या जूनमध्ये, सम्राट झाला आहे आणि रोममध्ये ती वास्तू अजून पूर्ण व्हायची आहे.

आता दिवस. प्लिनीच्या पत्राच्या प्रचलित पाठानुसार उद्रेक २४ ऑगस्टला झाला, असे दीर्घकाळ मानले गेले. मात्र २०१८ मध्ये, दुरुस्ती चालू असलेल्या एका घराच्या भिंतीवर, कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबर ही तारीख सापडली. कोळशाचे अक्षर वर्षभर टिकणे अवघड असल्याने, आणि शरद ऋतूतल्या फळांचे पुरावे आधीपासून असल्याने, आज ऑक्टोबरच्या बाजूने वजन अधिक आहे. लेखकाने दोहोंपैकी एक तारीख घ्यावी आणि तिच्याशी प्रामाणिक राहावे. माझे मत ऑक्टोबरच्या बाजूचे आहे, कारण त्यामुळे कथेला द्राक्षांचा हंगाम आटोपलेला, नवी वाइन पुरलेल्या रांजणांत भरलेली आणि सकाळी अंगावर जाडसर वस्त्र घ्यावे लागणारे शहर मिळते. विद्यार्थिनी १७ ऑक्टोबरलाच तिथे पोहोचली, तर तो कोळसा हातात धरलेला कामगार तिला भेटूही शकतो.

इशारा: आज रस्त्यांना आणि घरांना दिलेली नावे उत्खनन करणाऱ्यांची आहेत. ‘फॉनचे घर’ किंवा ‘समृद्धीचा रस्ता’ अशी नावे तिथल्या रहिवाशाच्या तोंडी घालू नयेत. ‘कोलोसियम’ हे नावही फार नंतरचे आहे. पात्रांना खुणेने पत्ता सांगू द्यावा: कारंज्यापासून पुढे, भट्टीच्या समोर.

पडताळणी: वर्ष, महिना, सत्ताधारी आणि शहरात त्या दिवशी उभ्या असलेल्या तीन इमारती एका ओळीत लिहिता येतात का? येत नसतील तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

## टप्पा २: पात्राची ओळख ठरवणे

कालप्रवासी रस्त्यावर उतरला की पहिला प्रश्न त्याच्या कपड्यांचा नसतो. तो कोणाचा, हा असतो. रोमन समाजात माणूस स्वतंत्र आहे की गुलाम, नागरिक आहे की परका, आणि त्याच्यामागे कोणते घराणे किंवा आश्रयदाता उभा आहे, यावर त्याची सुरक्षितता ठरत असे. साम्राज्यातल्या बहुतेक सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व मिळाले ते इ.स. २१२ मध्ये. त्याआधीच्या कथेत एकटा, अनोळखी आणि ज्याच्यासाठी कोणी शब्द टाकणार नाही असा माणूस थेट सिनेटमध्ये भाषण करू शकत नाही. त्याला कोणी पकडून विकले, तर आपण स्वतंत्र आहोत हे सिद्ध करणारा साक्षीदार कुठून आणायचा, हा खरा धोका आहे आणि कथेसाठी तो मोलाचा आहे.

गुलाम वेशावरून ओळखू येत, ही समजूतही सोडून द्यावी. रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो की गुलामांना वेगळा पोशाख द्यावा असा प्रस्ताव एकदा सिनेटमध्ये आला होता, पण आपण किती आहोत हे गुलामांना मोजता येईल, हा धोका लगेच सर्वांच्या ध्यानात आला. टोगा हे नागरिक पुरुषाचे औपचारिक वस्त्र होते. भट्टीवर, गोदीत किंवा शेतात राबणारा माणूस अंगरख्यासारख्या साध्या ट्युनिकमध्येच दिसेल.

आमच्या विद्यार्थिनीला सांगता येईल अशी ओळख इतिहासातच तयार आहे. पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर यांचा उल्लेख असून, पैठणहून रंगीत खडे आणि तेरहून कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरात जात असे, असे तीत म्हटले आहे. तिथून जहाजे मोसमी वाऱ्यांवर लाल समुद्राकडे जात, माल नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला पोहोचे आणि पुढे पॉम्पेईपासून फार दूर नसलेल्या पुतेओली बंदरात उतरे. तेव्हा ‘अलेक्झांड्रियाच्या जहाजातून आलेल्या भारतीय व्यापाऱ्याच्या घरातली’ ही ओळख पुतेओलीच्या परिसरात चमत्कारिक वाटणार नाही. तिच्या सावळ्या रंगाकडे पाहून सारे शहर थबकले, असे लिहू नये. एकटी आणि पाठीशी कोणी नसलेली स्त्री म्हणून मात्र लोक तिच्याकडे नक्की पाहतील.

पडताळणी: ‘तू कोणाची?’ या प्रश्नाला पात्राने पहिल्या दिवशी दिलेले उत्तर लिहून ठेवावे. पुढे ते बदलले, तर कोणाच्या लक्षात आले हेही लिहावे.

## टप्पा ३: कालप्रवासाचा नियम

भूतकाळ बदलता येतो की नाही, सोबत काय नेता येते, परतीची वाट कोणती आणि भाषा कशी समजते, या चार प्रश्नांची उत्तरे प्रसंग लिहिण्यापूर्वी निश्चित करावीत. ती वाचकाला लगेच सांगण्याची गरज नाही, पण लेखकाला ती ठाऊक हवीत, नाहीतर शेवट जवळ आला की सोयीचा नवा नियम उगवतो आणि वाचकाचा विश्वास उडतो.

यांत भाषेचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहतो. विद्यापीठात लॅटिन शिकलेली व्यक्ती शिलालेख वाचू शकेल, पण भट्टीवरच्या माणसाचे भरभर बोलणे तिला पहिल्या दिवशी समजणार नाही. पॉम्पेईच्या भिंतींवरचे लेखन पाहिले तर शब्दांच्या शेवटचा ‘म’ गळलेला आणि वर्णलेखन बोलण्याप्रमाणे सैल झालेले दिसते. चर्चमध्ये ऐकलेला लॅटिनचा उच्चारही तिथे चालणार नाही, कारण ‘सीझर’ त्या लोकांच्या तोंडी ‘काइसार’ होता. भाषा एखाद्या युक्तीने आपोआप समजते असे ठरवायचे असेल, तर ते सुरुवातीच्या दोन पानांतच दाखवावे आणि हीच युक्ती लिखित मजकुराला व ग्रीकलाही लागू होते का, हे ठरवून टाकावे.

भविष्याचे ज्ञान हे पात्राचे मोठे शस्त्र वाटते, पण त्याचा उपयोग कसा होईल याचा विचार फारसा केला जात नाही. विद्यार्थिनीला उद्रेक माहीत आहे. ती कोणाला सांगणार? व्हेसुव्हियसच्या उतारावर द्राक्षमळे होते. तो पूर्वी कधीतरी पेटला असावा, हे स्ट्रेबोसारख्या भूगोलकाराच्या लक्षात आले होते, पण शेतकऱ्यासाठी तो निव्वळ सुपीक डोंगर होता. इ.स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला होता आणि त्यानंतर शहरात बरीच वर्षे दुरुस्त्या चालू होत्या. उद्रेकाआधीच्या दिवसांत धक्के जाणवत होते, पण कंपानियात, म्हणजे पॉम्पेईच्या परिसरात, ते नेहमीचेच असल्याने कोणी फारसे घाबरले नाही, असे प्लिनी लिहितो. म्हणजे तिने ‘जमीन हलते आहे, पळा’ असे सांगितले, तर ज्या गवंड्याचे पोटच भूकंपाच्या दुरुस्तीवर चालते तो शांतपणे चुन्याचा पुढचा थर लावेल. तिचे म्हणणे न ऐकणारी माणसे मूर्ख नाहीत, त्यांच्यापाशी अनुभव आहे. हे पकडता आले तर कथेचा मधला भाग आपोआप बळकट होतो.

इशारा: एका माणसाने आठवड्याभरात दारूगोळा, छापखाना किंवा वाफेचे यंत्र तयार करू नये. पात्राच्या आजच्या जीवनात ती वस्तू त्याने स्वतःच्या हातांनी बनवली असेल, तरच विचार करावा.

## टप्पा ४: दिवसाचा हिशेब

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. प्रसंग लिहिताना अडखळायचे नसेल, तर घड्याळ, दिनदर्शिका, नाणी, अन्न आणि अंतरे यांचा तक्ता आधीच समोर हवा.

वेळ. सूर्योदय ते सूर्यास्त यांचे बारा समान भाग म्हणजे रोमन तास, म्हणून तासाची लांबी ऋतूप्रमाणे बदले. रोममध्ये तो ऐन उन्हाळ्यात सुमारे ७५ आणि ऐन हिवाळ्यात सुमारे ४५ मिनिटांचा होई. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पॉम्पेईत तो ५५ मिनिटांच्या जरा आतच भरतो. प्लिनीने ‘सातव्या तासाच्या सुमारास’ ढग दिसल्याचे लिहिले आहे, म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी एकच्या आसपास. ‘सात वाजता’ असे भाषांतर करणे ही गंभीर चूक ठरते. पात्रांनी मिनिटांत भेटी ठरवू नयेत.

तारीख. रोमन लोक महिन्यातल्या तीन खुणांकडे मागे मोजत: कॅलेंड्स म्हणजे पहिला दिवस, नोन्स म्हणजे पाचवा किंवा सातवा आणि आइड्स म्हणजे तेरावा किंवा पंधरावा. मार्च, मे, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये आइड्स पंधराव्या दिवशी येतात. मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरावे लागतात. भिंतीवरच्या त्या कोळशाच्या अक्षरांत ‘नोव्हेंबरच्या कॅलेंड्सच्या आधीचा सोळावा दिवस’ असे आहे. १ नोव्हेंबरमधून सरळ १६ वजा केले तर १६ ऑक्टोबर येतो आणि एक दिवस चुकतो. दोन्ही टोके धरली की १७ ऑक्टोबर मिळतो. इ.स.पू. ४४ पूर्वीच्या कथेत जुलैला क्विंटिलिस आणि इ.स.पू. ८ पूर्वीच्या कथेत ऑगस्टला सेक्स्टिलिस म्हणावे.

पैसा. १ ऑरियस म्हणजे २५ डिनेरियस, आणि १ डिनेरियस म्हणजे ४ सेस्टर्शियस किंवा १६ आस. पॉम्पेईतल्या एका मद्यालयाच्या भिंतीवर साधी वाइन १ आस, चांगली २ आस आणि फालेर्नियन ही उंची वाइन ४ आस, असा दर लिहिलेला आढळला. सोन्याचा एक ऑरियस म्हणजे ४०० आस. तेव्हा कट्ट्यावर पेलाभर वाइनसाठी सोन्याचे नाणे फेकणाऱ्या नायकाला सुटे मिळणार नाहीत, संशय मात्र भरपूर मिळेल. सैनिकाचे वार्षिक वेतन त्या वेळी २२५ डिनेरियस होते.

विद्यार्थिनीच्या पिशवीत घरची किलोभर काळी मिरी निघाली, असे समजा. थोरला प्लिनी काळ्या मिरीचा भाव पौंडाला ४ डिनेरियस देतो, आणि रोमन पौंड सुमारे ३२७ ग्रॅमचा. म्हणजे तिच्याकडे साधारण १२ डिनेरियसचा माल आहे, सैनिकाच्या सुमारे वीस दिवसांच्या वेतनाएवढा. ही रक्कम काही दिवस जगायला पुरेशी आहे, पण श्रीमंत करणारी नाही. असा आकडा हाती आला की पुढचे प्रसंग सुचू लागतात: ती मिरी कुठे विकते, किती हातोहात फसवली जाते, आणि इतकी स्वच्छ मिरी कुठून आली असे कोण विचारतो.

अन्न. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, चहा आणि कॉफी यांपैकी काहीही नाही. साखर औषध म्हणून ऐकिवात होती, गोडीसाठी मध वापरत. पाव गोल आणि आठ भागांत खुणावलेला असे. असे जळून कोळसा झालेले पाव पॉम्पेईत सापडले आहेत. पिठाच्या दगडी जात्यांना गाढवे जुंपत. वाइनमध्ये पाणी मिसळत आणि माशांपासून केलेले गारम पुष्कळ पदार्थांत पडे. सर्वजण आडवे पडून जेवत, असे दाखवू नये. ती संपन्न घरातल्या मेजवानीची रीत होती. कट्ट्यावर जेवणारा माणूस बसून किंवा उभ्यानेच खाई.

अंतर. रोम ते पॉम्पेई सुमारे २४० किलोमीटर, म्हणजे पायी आठवडाभराचा रस्ता. सरकारी टपालाचे घोडे परवाना असलेल्यांनाच मिळत, आणि हिवाळ्याचे महिने समुद्रप्रवास जवळजवळ थांबत असे. कथा रोम शहरात असेल, तर दिवसाच्या पहिल्या दहा तासांत बहुतेक गाड्यांना तिथे मनाई होती आणि चाकांचा खडखडाट रात्री चाले, हे विसरू नये.

पडताळणी: पात्राच्या पहिल्या दिवसाचा जमाखर्च आसमध्ये मांडावा आणि त्याने चाललेले अंतर नकाशावर मोजावे. दोन्ही जुळले, तरच पुढे जावे.

## टप्पा ५: प्रसंगलेखन

जमवलेली माहिती पानावर ओतण्याचा मोह इथे होतो. एखादा तपशील पात्राला अडवत असेल, मदत करत असेल किंवा उघडे पाडत असेल, तरच तो घ्यावा. ‘रस्ते ओलांडण्यासाठी पॉम्पेईत मोठे दगड बसवलेले असत’ हे वाक्य खरे असले तरी निर्जीव आहे. तीच माहिती अशी येऊ शकते:

पदपथ संपला तिथे ती थांबली. खाली काळसर पाणी वाहत होते आणि त्यावर कोबीची पाने तरंगत होती. मागून आलेल्या हमालाने खांद्यावरचा मातीचा कुंभ सावरत मधल्या दगडावर पाय टाकला, मग पुढच्यावर, आणि पलीकडे पोहोचल्यावर वळून तिच्याकडे पाहिले. या बाईला रस्ता ओलांडता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते.

आता एका वस्तूविषयी, कारण मराठी लेखकांना तिचा मोह पडणारच. १९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात सुमारे २४ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जी आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला तिच्याशी साम्य असलेले हस्तिदंती नमुने मिळाले आहेत. तिला ‘लक्ष्मी’ म्हणण्याची प्रथा आधुनिक असून अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यावरच्या छिद्रावरून ती एखाद्या आसनाचा किंवा आरशाचा आधार असावी, असेही सुचवले गेले आहे. म्हणून रोमन कुटुंब तिच्यापुढे दिवा लावते आहे, असा प्रसंग लिहू नये. घरमालकासाठी ती महागडी परदेशी वस्तू असेल, आणि मराठवाड्यातून आलेल्या आपल्या विद्यार्थिनीला ती पाहून काय वाटते, हे घरात कोणालाही कळणार नाही. प्रसंगाचे सारे बळ या न कळण्यात आहे.

इशारा: चित्रपटांतून आलेले चार संकेत वगळावेत. ‘आम्ही मरणारे तुला वंदन करतो’ हे वाक्य इ.स. ५२ च्या, क्लॉडियसने भरवलेल्या फुसिनस सरोवरावरच्या नकली जलयुद्धासंदर्भातच नोंदलेले आहे आणि ते म्हणणारे आखाड्यातले नेहमीचे ग्लॅडिएटर नव्हते. अंगठ्याची खूण नेमकी कोणत्या दिशेने करत, हे निश्चित नाही. युद्धनौकांची वल्ही सामान्यतः साखळदंडातले गुलाम मारत नसत. पुतळे पांढरेशुभ्र नव्हते, रंगवलेले असत.

## टप्पा ६: संवाद

मराठी ऐतिहासिक कादंबऱ्यांची भाषा आपल्या हातात इतकी मुरलेली असते की रोमन घराचा नकळत पेशव्यांचा वाडा होतो. ‘हुजूर’, ‘सरदार’, ‘सुभेदार’, ‘मसलत’ हे शब्द टाळावेत. सिनेट, कॉन्सल, लिजन तसेच ठेवावेत. पहिल्या शतकातला सम्राट स्वतःला राजा म्हणवत नसे, म्हणून त्याला सिंहासन, मुकुट आणि ‘महाराजांचा विजय असो’ देऊ नये. पॉम्पेईचा रोजचा कारभार दरवर्षी निवडून येणारे स्थानिक अधिकारी पाहत, आणि त्यांच्या प्रचाराच्या घोषणा भिंतींवर रंगवलेल्या असत. पात्रांनी टायटसपेक्षा याच माणसांविषयी अधिक बोलावे.

त्या काळच्या लॅटिनमध्ये एका व्यक्तीसाठी आदरार्थी बहुवचन नव्हते, पण मराठी वाचकाला गुलामाने मालकाला ‘तू’ म्हटलेले खटकेल. ‘तुम्ही’ वापरण्यात काही चूक नाही. कोण कोणाला काय म्हणतो, याची यादी मात्र पहिल्या प्रकरणाआधी करावी आणि ती शेवटपर्यंत पाळावी. नावांच्या लेखनाचेही तसेच.

## टप्पा ७: तपासणी

एकाच वाचनात सर्व चुका सापडत नाहीत, म्हणून वेगवेगळी वाचने करावीत. पहिल्यात फक्त वेळ, तारखा आणि अंतरे पाहावीत. दुसऱ्यात पात्राने हाताळलेली प्रत्येक वस्तू वहीशी ताडून घ्यावी: कागद, बटण, जेवणाचा काटा, रिकीब यांपैकी काही शिरले आहे का? लिहायला पपायरस आणि मेणाच्या पाट्या होत्या, आणि रिकीब रोमनांना ठाऊक नव्हती. तिसऱ्यात टप्पा ३ मधले चार नियम कुठे मोडले आहेत का, ते बघावे. चौथे वाचन उद्रेकाच्या प्रकरणापुरते करावे. पॉम्पेईवर त्या दुपारपासून रात्रभर हलक्या सच्छिद्र दगडांचा वर्षाव होत राहिला, त्याच्या भाराने छपरे कोसळली, आणि तापलेल्या वायूचे व राखेचे लोट शहरावर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. लाव्हाचा लालभडक ओघ रस्त्यांतून वाहताना दाखवला असेल, तर ते प्रकरण पुन्हा लिहावे लागेल. दगडांचा वर्षाव आणि सकाळचे लोट यांच्यामध्ये कित्येक तास होते, आणि त्या तासांत अनेकांना शहर सोडता आले. विद्यार्थिनीने कोणाला वाचवायचे असेल, तर त्याची वेळ हीच.

शेवटी, वहीतल्या ‘वादग्रस्त’ आणि ‘माझी कल्पना’ या स्तंभांवरून वाचकासाठी छोटी टीप लिहून कथेच्या अखेरीस जोडावी. ऑक्टोबर का निवडला, मूर्तीविषयी काय खरे आणि काय रचलेले, कोणती पात्रे इतिहासात होती, एवढे तीत आले की पुरे.